इंग्रजीचा तास आणि बोलण्याचे निमित्त

जून २००० मध्ये, प्रा. रामकृष्ण मोरे हे महाराष्ट्राचे शालेय शिक्षणमंत्री असताना, राज्यातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय अमलात आला, आणि जिची अक्षरओळख तोवर पाचव्या इयत्तेत होत असे ती भाषा सहा वर्षांच्या मुलाच्या पाटीवर येऊन बसली. त्या निर्णयावरून त्या वेळी पुष्कळ वादंग माजले. मातृभाषेचा पाया पक्का होण्यापूर्वी परभाषेचा भार घालू नये असे म्हणणारे एका बाजूस होते, आणि शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांना जे मिळते ते खेड्यातील मुलाला का नाकारावे असे विचारणारे दुसऱ्या बाजूस होते. तो वाद येथे पुन्हा उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. मला ज्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ती अशी की, नागपुरातील मराठी माध्यमाच्या शाळेतून आज दहावी उत्तीर्ण होणारा मुलगा सलग दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो, त्याने त्या भाषेतील शब्दार्थांच्या वह्या भरलेल्या असतात, काळ चालविलेले असतात, पत्रे आणि निबंध लिहिलेले असतात. आणि तरीही हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीच्या मुलाखतीस बसल्यावर समोरच्या अधिकाऱ्याने इंग्रजीत त्याच्या गावाविषयी एखादा साधा प्रश्न विचारला, तर त्याची जीभ टाळूला चिकटते. दहा वर्षांत जे झाले नाही ते तीन महिन्यांत करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या ‘स्पोकन इंग्लिश’च्या पाट्या शहरभर झळकतात, त्या याच दुःखावर.

हे अपयश मुलांच्या बुद्धीचे नाही, हे या शहराचे भाषिक जीवन जरा निरखून पाहिले म्हणजे ध्यानात येते. नागपूर हे आधी मध्यप्रांत-वऱ्हाडाचे आणि पुढे १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशाचे राजधानीचे शहर होते. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा येथील कचेऱ्यांत, बाजारांत आणि मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत, आणि महानगरपालिकेच्या शाळा आजही मराठी, हिंदी, उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांतून चालतात. इतवारीत सौदा हिंदीत ठरतो, घरी आल्यावर त्याचा हिशेब मराठीत सांगितला जातो, आणि छत्तीसगढहून बांधकामावर आलेले कुटुंब शेजारी राहत असेल तर त्याच्या बोलीचेही चार शब्द कानांवर पडतात. अशा वस्तीत वाढणारे मराठी मूल शाळेत नाव घालण्यापूर्वीच हिंदी बोलू लागते. त्याला कोणी क्रियापदे चालवायला लावलेली नसतात, शब्दार्थ पाठ करून घेतलेले नसतात. डावात घेतले जावे, पतंगाचा मांजा मिळावा, भांडणात आपली बाजू मांडता यावी, एवढ्या निकडीपोटी ते ती भाषा उचलते. लिंगाच्या चुका होतात, सवंगडी हसतात, चूक आपोआप सुधारते, आणि खेळ पुढे चालू राहतो.

जगभर ज्या अध्यापनपद्धतीचा गेल्या अर्धशतकात बोलबाला झाला, आणि जिला आपल्याकडे संप्रेषणाधिष्ठित अथवा सोप्या शब्दांत संवादपद्धती म्हणतात, तिचे सारे तत्त्व या गल्लीतील मुलाच्या अनुभवात सामावलेले आहे. भाषा ही नियमांची संहिता म्हणून आधी शिकावयाची आणि मग कधीतरी वापरावयाची वस्तू नव्हे. ती वापरता वापरताच येते, आणि वापर म्हटला की कोणाला तरी काही तरी सांगावयाचे असणे ओघानेच आले. अमेरिकन भाषाविज्ञ डेल हाइम्स यांनी १९६६ मध्ये मांडलेला आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला विचार असा होता की, शुद्ध वाक्य रचता येणे एवढ्याने भाषा आली असे होत नाही. कोणाशी, कोठे, कोणत्या प्रसंगी, काय आणि कसे बोलावे याचेही एक ज्ञान असते, आणि त्याच्यावाचून व्याकरणाचे ज्ञान पांगळे राहते. त्याच सुमारास युरोपीय परिषदेपुढे एक व्यावहारिक अडचण उभी होती. एका देशातून दुसऱ्या देशात कामाला जाणाऱ्या प्रौढ माणसांना परभाषा लवकर आणि कामापुरती कशी शिकवावी, हा तो प्रश्न होता. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्या कामातून १९७५ मध्ये व्हॅन एक यांचा किमान पातळीचा आराखडा तयार झाला. १९७६ मध्ये डेव्हिड विल्किन्स यांचे अभ्यासक्रमरचनेवरील पुस्तक आले, १९७८ मध्ये हेन्री विडोसन यांचे. विनंती करणे, नकार देणे, दिशा विचारणे, दिलगिरी दर्शविणे अशा भाषिक कृतींभोवती पाठ रचले जाऊ लागले, आणि वर्गात जोडीने व गटाने बोलण्याला मध्यवर्ती स्थान मिळाले.

या पद्धतीचा जन्म कोठे झाला हे नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण आपल्याकडील पुष्कळशा अडचणींचे मूळ तेथे आहे. लंडनमधील भाषावर्गात दहा-पंधरा प्रौढ विद्यार्थी असतात. एक तुर्की, एक स्पॅनिश, एक जपानी. त्यांना परस्परांशी बोलावयाचे तर इंग्रजीखेरीज दुसरी सामाईक भाषाच नसते. तास संपला की तो विद्यार्थी रस्त्यावर येतो आणि पावासाठी, बसच्या तिकिटासाठी, घरभाड्याच्या बोलाचालीसाठी त्याला तीच भाषा लागते. नागपुरातील वर्गात साठ मुले असतात आणि साठांचीही मराठी एक असते. तास संपल्यावर मुलगा सीताबर्डीला जातो, तेथे घासाघीस हिंदीत होते. घरी जातो, तेथे मराठी असते. इंग्रजीची गरज त्याला आयुष्यात पडणार आहे याविषयी कोणालाही शंका नाही, परंतु ती गरज पाच किंवा दहा वर्षांनी येणारी आहे, आणि दहा वर्षांनी लागणाऱ्या वस्तूसाठी आज तोंड उघडावे अशी आज्ञा तेरा वर्षांच्या मुलाला कितीही प्रेमाने केली तरी ती त्याच्या मनात उतरत नाही.

महाल भागातील एका जुन्या मराठी शाळेत, आठवीच्या वर्गात मागील बाकावर बसून इंग्रजीचा तास पाहण्याचा योग मला गेल्या हिवाळ्यात आला. बाई तळमळीच्या होत्या, मुलांना त्यांच्याविषयी आपुलकी होती. अभ्यास जोडीने करावयाचा होता: रेल्वेचे एक छोटे वेळापत्रक दिलेले, एकाने गाडीची वेळ विचारावयाची आणि दुसऱ्याने सांगावयाची. माझ्या पुढच्या बाकावरील दोघांपैकी एकाने वेळापत्रकावर बोट ठेवले, शेजाऱ्याकडे पाहिले आणि तो अगदी सरळ मनाने म्हणाला, “अबे, दिसून तं रायलं इथं, इचारायचं काय त्यात?” दोघांपुढे एकच कागद उघडा असताना एकाने दुसऱ्यास वेळ विचारणे म्हणजे शेजारी बसलेल्या माणसास टपालाने पत्र धाडण्यासारखे होते, आणि ते त्या मुलाने एका वाक्यात दाखवून दिले. संवादपद्धतीचे ग्रंथ ज्याला माहितीतील अंतर म्हणतात, म्हणजे मला ठाऊक नाही ते तुला ठाऊक असणे, ते अंतरच त्या अभ्यासात नव्हते.

बाईंनी तो उद्गार ऐकला होता. पुढच्या तासाला त्या दोन प्रकारच्या चिठ्ठ्या करून घेऊन आल्या. एका चिठ्ठीवर गाड्यांच्या वेळा होत्या आणि फलाटाचे रकाने कोरे होते. दुसरीवर फलाट होते आणि वेळा गाळलेल्या होत्या. आपली चिठ्ठी शेजाऱ्यास दाखवावयाची नाही, एवढा एकच नियम. आधी हसू झाले, मग कुजबुज, आणि मग, “गोंदिया ट्रेन, व्हॉट टाइम?” “टाइम टेन थर्टी. प्लॅटफॉर्म व्हिच?” असे तुटक, ओबडधोबड, परंतु अर्थपूर्ण इंग्रजी बाकाबाकावरून ऐकू येऊ लागले. आदल्या दिवशी मान खाली घालून बसलेला मुलगा गोंदियाच्या गाडीचा फलाट मिळावा म्हणून अर्धा उठून बसला होता. त्याला त्या क्षणी इंग्रजी शिकावयाचे नव्हते. त्याला रकाना भरावयाचा होता, आणि म्हणूनच तो इंग्रजी बोलत होता.

हे सुख फार वेळ टिकले नाही. साठ मुले एकाच वेळी बोलू लागली की जो कोलाहल होतो तो लाकडी फळ्यांच्या पडद्याने निराळ्या केलेल्या शेजारच्या वर्गात जातो, आणि तेथे त्या वेळी गणिताची चाचणी चालू होती. पर्यवेक्षक दाराशी आले, काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. वर्ग शांत झाला आणि बाईंनी मुलांना वही काढावयास सांगितली. आपल्या शाळांत शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग ही धारणा इतकी जुनी आहे की तिचा उल्लेख कोणत्याही नियमावलीत करावा लागत नाही. बाक जमिनीला पक्के केलेले असतात किंवा इतके खेटून ठेवलेले असतात की चार मुलांनी तोंडे एकमेकांकडे करून बसावे म्हटले तर निम्म्यांना वळून बसावे लागते. उच्च प्राथमिक इयत्तांसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा अशी तरतूद २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. परंतु शाळेतील एकंदर मुले आणि एकंदर शिक्षक यांचा हिशेब संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकपदांच्या मंजुरीच्या, कागदावर बरोबर जुळला, तरी अमुक तुकडीत अमुक तासाला प्रत्यक्षात किती मुले बसतात ही गोष्ट त्या कागदावरून कळत नाही.

तासानंतर बाईंनी मला जो प्रश्न विचारला तो मात्र बाक आणि भिंती यांच्यापेक्षा खोल जाणारा होता. ‘टाइम टेन थर्टी’ असे मूल बोलले तेव्हा मी त्याला थांबवून शुद्ध वाक्य सांगावयास हवे होते काय? थांबवले असते तर ते पुन्हा बोलले नसते. थांबवले नाही, तर उद्या परीक्षेत ते तसेच लिहील, आणि वही तपासणारे पालक म्हणतील की बाईंना स्वतःलाच येत नाही. संवादपद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे, की अर्थ पोचत असताना अडवू नये, बोलणे संपल्यावर समान चुका एकत्र करून फळ्यावर घ्याव्यात. उत्तर योग्य आहे. परंतु ज्या समाजात शिक्षकाचा दर्जा लाल शाईवरून ठरतो, त्या समाजात चूक ऐकूनही स्वस्थ बसण्यासाठी शिक्षकाला जे धैर्य लागते ते प्रशिक्षणवर्गात वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकेतून येत नाही; त्याच्या पाठीशी मुख्याध्यापक उभे असावे लागतात, तपासणीला येणारा अधिकारी समंजस असावा लागतो.

आणि शिक्षकाची आणखी एक अडचण आहे, जिच्याविषयी आपण पुरेशा सहानुभूतीने बोलत नाही. २००० नंतर पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्या गुरुजनांपैकी बहुतेकांचे स्वतःचे शिक्षण, आणि शिक्षणशास्त्राची पदविका देखील, मराठीतून झालेली होती. भाषांतराच्या जुन्या रीतीत शिक्षक सुरक्षित असे. पाठ ठरलेला, शब्दार्थ ठरलेले, प्रश्नोत्तरे टाचणात उतरवलेली. आदल्या रात्री तयारी केली की वर्गात काही अनपेक्षित घडत नसे. संवादाच्या रीतीत हे कवच गळून पडते. मुलांना मोकळेपणी बोलू दिले की ती काय विचारतील याचा नेम नसतो. संत्र्याच्या आत जे पांढरे दोरे असतात त्यांना इंग्रजीत काय म्हणतात, असे एखादा काटोलचा मुलगा विचारू शकतो, आणि मग चाळीस वर्षांच्या अनुभवी शिक्षकाला साऱ्या वर्गासमोर गप्प राहावे लागते. ही भीती मानवी आहे. तिच्यापोटी तो गाईडाकडे वळतो, तर त्यात त्याचा आळस पाहणे अन्यायाचे होईल.

मुलांच्या मौनालाही असेच एक कारण आहे. आपल्या समाजात इंग्रजी ही नुसती भाषा नाही, ती प्रतिष्ठेची पायरी आहे, आणि पायरीवर चढणाऱ्याकडे खालचे सोबती ज्या नजरेने पाहतात ती नजर मुलाला वर्गात सर्वांत जास्त बोचते. ‘मोठा साहेब झाला का बे’ एवढे पाच शब्द मधल्या सुट्टीत ऐकून घेतलेला मुलगा पुढे कित्येक महिने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही. बोलताना चूक झाली तर हसू होते आणि बरोबर बोलले तर टोमणा मिळतो. अशा स्थितीत गप्प बसणे हाच त्याला शहाणपणाचा मार्ग दिसतो. त्याच वेळी त्याच्या घरी, विशेषतः ज्या वस्त्यांत बाबासाहेबांच्या शिकवणुकीने शिक्षणाची ओढ रुजली त्या घरी, रिक्षा चालवून किंवा धुणीभांडी करून जमवलेल्या पैशातून ट्यूशनची फी भरली जात असते, कारण इंग्रजी आली तर पोराचे दिवस पालटतील असा आईबापांचा विश्वास असतो. तो विश्वास खरा ठरावा असे ज्याला वाटते त्याने वर्गातील या मौनाचा विचार केलाच पाहिजे.

काही वडीलधारी मंडळी अशा वेळी जुन्या काळाचा दाखला देतात. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून आमच्या आजोबांचे इंग्रजी असे तयार झाले की साहेब थक्क व्हावा, मग ही नवी थेरे कशाला, असे त्यांचे म्हणणे असते. या म्हणण्यात आदर करावा असे पुष्कळ आहे, परंतु त्यात एक गोष्ट निसटते. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली, १८८३ मध्ये त्याच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले, १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज आले. या विद्यालयांतून जे मूठभर विद्यार्थी बाहेर पडले त्यांना इतिहास इंग्रजीतून शिकावा लागे, तर्कशास्त्र इंग्रजीतून शिकावे लागे, आणि प्राध्यापक गोरा असला तर रजेचा अर्जही इंग्रजीतच बोलून दाखवावा लागे. पाठमालेने त्यांचा पाया घातला असेल. बोलते केले ते दिवसभराच्या गरजेने. स्वतः हिस्लॉप येथे आला तेव्हा त्याला मराठी येत नव्हती. त्याने ती येथील लोकांत वावरून आत्मसात केली, गोंडांच्या वस्त्यांत हिंडून गोंडी शब्द आणि लिंगोचे गीत जमविले, आणि १८६३ मध्ये त्याला जलसमाधी मिळाल्यावर ते कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरच्या इंग्रजी शिक्षणाच्या आद्य पुरुषाने परभाषा शिकण्याचा जो मार्ग स्वतःसाठी चोखाळला, तो गल्लीतील मुलाचाच होता.

आता परीक्षेविषयी, कारण वर्गात काय घडावे हे अखेर परीक्षा ठरवते. काही वर्षांपूर्वी प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. तीत संवाद पूर्ण करा, मुलाखतीसाठी प्रश्न तयार करा, दिलेल्या तक्त्यातील माहिती परिच्छेदात लिहा, अमुक मताच्या विरुद्ध मत मांडा, असे प्रश्न असतात. कागदावर पाहिले तर हा संवादपद्धतीचा विजय आहे. प्रत्यक्षात काही महिन्यांच्या आत बाजारातील गाईडांनी या साऱ्यांचे साचे तयार केले. मुलाखत कोणाचीही असो, खेळाडूची वा शेतकऱ्याची, तेच आठ प्रश्न; मत कोणत्याही विषयावर असो, आरंभीची आणि शेवटची दोन वाक्ये तीच. मूल ते साचे पाठ करते आणि रिकाम्या जागी शब्द बसवते. ज्या कृतीचा जन्म पाठांतर मोडण्यासाठी झाला तीच पाठांतराचा नवा विषय झाली, आणि याचा दोष मुलांना देता येत नाही, कारण मौखिक भाषेची परीक्षा लेखी घेतली की ती लेखी कसरतच होणार.

तोंडी परीक्षेची कथा तर अधिक बोलकी आहे. दहावीच्या भाषाविषयांत शाळेकडे असलेले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण सढळ हाताने दिले जातात, हा आक्षेप जुना होता. २०१८-१९ या वर्षी, नव्या अभ्यासक्रमाबरोबर, ते गुण काढून घेऊन सर्व शंभर गुण लेखी परीक्षेला देण्यात आले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि सर्व विभागांत सर्वांत खाली नागपूर विभाग होता, ६७.२७ टक्क्यांवर. गुणांचा हा फरक एकट्या तोंडी परीक्षेमुळे पडला असे म्हणणे बरोबर होणार नाही, अभ्यासक्रमही नवा होता. परंतु इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुण मिळतात आणि अकरावीच्या प्रवेशात आमची मुले मागे पडतात, अशी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते २० गुण परत आले. या साऱ्या प्रकरणात गुण गेले म्हणून हळहळ झाली, गुण आले म्हणून समाधान झाले. मूल प्रत्यक्ष काय बोलते आणि ते प्रामाणिकपणे कसे ऐकावे, हा प्रश्न मात्र चर्चेत जवळजवळ आलाच नाही. जी परीक्षा घेतली न घेतली सारखीच, तिच्यासाठी कोणता शिक्षक वर्षभर गोंगाट पत्करील?

मग ही पद्धती आपल्या मातीत रुजणारच नाही, असे मानून मोकळे व्हावे काय? माझे मत तसे नाही, आणि त्याला आधार आपल्याच देशातील आहे. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये असताना एन. एस. प्रभू यांनी, बंगलोरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या साहाय्याने, १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील नेहमीच्या शाळांत एक प्रयोग चालविला. भाषेतील रचना ओळीने शिकविणे त्यांनी थांबविले आणि त्याऐवजी वर्गापुढे कामे ठेवली. नकाशावरून मार्ग शोधणे, रेल्वेच्या वेळापत्रकावरून कोणती गाडी पकडावी हे ठरविणे, दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढणे, अशी ही कामे होती. मुलाचे लक्ष अर्थाकडे गुंतले म्हणजे व्याकरण मागच्या दाराने आत येते, ही त्यांची श्रद्धा. परंतु प्रभूंचा मोठेपणा मला दुसऱ्या एका गोष्टीत दिसतो. युरोपातील ग्रंथ गटकार्याचा आग्रह धरीत असताना त्यांनी त्याला जवळजवळ फाटा दिला. कमी इंग्रजी येणारी मुले आपापसांत बोलली तर एकमेकांच्या चुका पक्क्या करतील आणि मातृभाषेकडे वळतील, हे त्यांनी ओळखले. म्हणून आधी शिक्षकाने साऱ्या वर्गाशी प्रश्नोत्तरांतून एक काम सोडवून दाखवावयाचे आणि मग तसेच दुसरे काम प्रत्येकाने आपले आपण करावयाचे, असा क्रम त्यांनी बसविला. यात बाक हलवावे लागत नाहीत, कोलाहल होत नाही, आणि शिक्षकाचे वर्गातील स्थान अढळ राहते. तरी मुलाची बुद्धी सबंध तासभर अर्थ लावण्यात गुंतलेली असते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तटस्थ मूल्यमापनात जुन्या पद्धतीची मुले रचनांच्या चाचणीत सरस ठरली आणि प्रयोगातील मुले कामांवर आधारलेल्या चाचणीत; परंतु संदर्भात व्याकरण वापरण्याच्या कसोटीला प्रयोगातील मुलेच पुढे होती. निर्णायक असा हा पुरावा नव्हे. तथापि युरोपातून आलेले तत्त्व घ्यावे आणि साधने आपल्या वर्गास पाहून निवडावीत, हा धडा त्यात आहे, आणि आपल्या प्रशिक्षणवर्गांनी तो फारसा घेतलेला नाही.

मातृभाषेविषयीही असेच ताठर न राहता वागावे असे मला वाटते. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द उच्चारू नये, ही कडक शिस्त लंडनच्या वर्गात सोयीची होती, कारण तेथे शिक्षकाला विद्यार्थ्यांच्या पंधरा भाषा येत नव्हत्या. नागपूरच्या शिक्षकाला मुलांची भाषा येते, हे त्याचे बळ आहे. काम काय करावयाचे ते मराठीत दोन वाक्यांत सांगितले तर दहा मिनिटे वाचतात, आणि ती दहा मिनिटे इंग्रजी बोलण्यास मिळतात.

आणि या बदलाचे वाहक कोण व्हावेत, याचेही एक उदाहरण नागपूरच्या शेजारी आहे. भंडारा जिल्ह्यात, प्रा. अमोल पदवाड यांच्या पुढाकाराने, इंग्रजीच्या शिक्षकांनी वरून कोणताही हुकूम आलेला नसताना आपापसांत ‘इंग्लिश टीचर्स क्लब’ स्थापन केले. प्रवासभत्ता नाही, प्रमाणपत्र नाही. ठरल्या दिवशी एकत्र यावयाचे, इंग्रजीतून बोलावयाचे आणि वर्गात काय फसले ते एकमेकांस सांगावयाचे. २००८ मध्ये पदवाड आणि कृष्णा दीक्षित यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मंडळांतील शिक्षक आणि बाहेरील शिक्षक वर्गातील अडचणींकडे कसे पाहतात याची तुलना होती, आणि मंडळातील शिक्षक अडचणींचा अधिक बारकाईने विचार करतात व त्या सोडविणे आपल्या हाती आहे असे मानतात, असे तीत दिसून आले. ज्या शिक्षकाला इंग्रजीत बोलावयास समवयस्क सोबती मिळाले, त्याला संत्र्याच्या दोऱ्याचे इंग्रजी नाव न येण्याची लाज वाटेनाशी होते. तो मुलांना म्हणू शकतो की मलाही ठाऊक नाही, आपण दोघे शोधू. केंद्राकेंद्रांवर शिक्षण परिषदा भरतातच. त्यांतील एक तास असा मोकळा ठेवण्यास नव्या मंजुरीची गरज पडू नये.

राहता राहिली परीक्षा. ती जोवर बदलत नाही तोवर वरील सारे काही उत्साही शिक्षकांपुरतेच राहणार, म्हणून तिच्यासंबंधी एक सूचना करतो. दहावीची तोंडी परीक्षा एकेका मुलाला बोलावून पाठ केलेली कविता म्हणवून घेण्याची नसावी. दोन-दोन मुलांना एकत्र बोलवावे, दोघांना अपुऱ्या माहितीच्या निरनिराळ्या चिठ्ठ्या द्याव्यात, आणि परीक्षकाने स्वतः न बोलता फक्त ऐकावे. परीक्षक शेजारच्या शाळेतील असावा. बारावीच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना बाहेरचे परीक्षक येतात, ती सोय मंडळाला परिचित आहे. वेळ पुरणार नाही, ही हरकत मी अनेकांकडून ऐकली आहे. साठ मुलांच्या तुकडीत तीस जोड्या होतात; प्रत्येक जोडीला पाच मिनिटे दिली तर अडीच तास लागतात, म्हणजे शाळेची एक सकाळ. चिठ्ठ्या मंडळाने दरवर्षी नव्या काढाव्यात, एका शाळेला एक संच आणि दुसऱ्या शाळेला दुसरा. त्यांची उत्तरे कोणत्याही गाईडास आधी छापता येणार नाहीत, कारण उत्तराचा अर्धा भाग समोर बसलेल्या मुलाच्या हातात असेल.